हुफूफला उतरलो

रियाध ते दम्माम, चार तास.
ही गाडी मला टाइमटेबलावरून नाही, तोंडाच्या चवीवरून कळते.
निघायच्या आधी बत्थ्यातल्या यमन्याकडची मंदी,
जमिनीतल्या भट्टीतून वर येते तेव्हा
हाड ओढलं की निघून येतं.
मग गाडीतला कागदी पेल्यातला चहा.
त्याला मी चहा म्हणत नाही, पण दोन पितो.
हुफूफ आलं की खिडकीतून खजुराला रामराम,
आणि दम्मामला उतरलो की थेट मासळीबाजार,
खेकडे अजून टोपलीत भांडत असतात.
ऑफिसातली पोरं विचारतात, काका, या शुक्रवारी कुठे?
मी बार्शीचा. ज्वारी आणि काळ्या तिखटावर वाढलेला जीव
एकोणीस वर्षांत इथं पार बिघडला.

या वेळी मंदी खाल्ली नाही.
भूक नव्हती म्हणणार होतो,
पण तेवढं खोटं मलाही जमत नाही.

खोलीतल्या पलीकडच्या पलंगावर
इर्शाद परकार बारा दिवस काविळीने पडलाय.
मेसचा पिवळा भात बघितला की भिंतीकडे वळतो.
काल फोनवर म्हणाला, लाल तांदळाची पेज असती ना...
आणि पुढं स्वतःच,
जाऊ दे, इथं कुठला लाल तांदूळ.
त्याच्या पेजेला मी सहा वर्षं हसलोय.
भाताचं धुवण पिता तुम्ही कोकणातले, असं म्हणायचो.

बाहेर वाळू. पाइपलाइन. तीन उंट,
एक बसलेला.
समोरच्या म्हाताऱ्याने गुडघ्यावर रुमाल पसरला,
स्टीलचा डबा उघडला
आणि डब्यात विटेच्या रंगाचा भात,
वर सुकी कोळंबी.
वास आला आणि मला हर्णै आठवलं,
जिथे मी कधी गेलेलो नाही.
इर्शादच्या बॅगेतून येतो तो वास.

बीट घातलंय का, मी मोडक्या अरबीत विचारलं.
म्हातारा इतका हसला की दाणा घशात अडकला.
हसावी, म्हणाला, आमच्या मातीतला,
आणि चमचा माझ्या हातात दिला.
चव? जाड. थोडी चिखलाची.
माझ्यासारख्या खवय्याने
दुसरा घास मागू नये अशी.
मी तिसराही मागितला.

तिकीट दम्मामचं होतं. हुफूफलाच उतरलो.
बाजारात दुकानदाराने भाव सांगितला,
मी परत विचारला, त्याने तोच परत सांगितला.
तेवढ्यात दोन माणसांची मंदी आली असती.
एक किलो घेतला. पिशवी पोटाशी धरून
संध्याकाळच्या गाडीत बसलो, चहा घेतला नाही.

रात्री साडेनऊ. एकच विजेची शेगडी,
तिचा एक पाय मोडलेला, खाली खिळ्यांचा डबा.
इर्शादच्या बहिणीला फोन लावला, शमीमताईला.
पाणी किती घालायचं?
पुष्कळ.
पुष्कळ म्हणजे?
ताई थांबली. अहो, माप कसलं त्याला,
उतू जाईल, जवळ बसा.

बसलो. स्टुलावर, पळी हातात घेऊन.
ज्या माणसाने या देशातल्या
अर्ध्या भट्ट्यांवर मत दिलंय
तो पाऊण तास पाणी तांबडं होताना बघत होता.
ना फोडणी, ना मसाला. हात शिवशिवत होते.
दोनदा जिऱ्याच्या बरणीपर्यंत गेलो आणि परत आलो.

इर्शाद उठून बसला. वाटी दोन्ही हातांत धरून
आधी वास घेतला, बराच वेळ.
मग एक घोट. मग सावकाश दुसरा.
मी बघत होतो,
जसे हॉटेलवाले माझ्या तोंडाकडे बघतात.

मीठ कमी हाय, तो म्हणाला
आणि वाटी पुढे केली.